पन्नासातली सदतीसावी

कॅसेटच्या आतल्या कागदावर खाली कोपऱ्यात पेन्सिलने ३७/५० लिहिलेलं असतं आणि येणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. आत काय आहे, कोणी वाजवलंय, वाजवलंय की नुसतं टेप करून आणलंय, हे सगळं नंतर. "पन्नासच का काढल्या?" हा प्रश्न ठरलेला, आणि त्याचे सूर दोनच. एक म्हणजे "अरे वा, मग भाव वाढेल की याचा", आणि दुसरा म्हणजे "कसली नाटकं यार, माल चांगला असता तर पाच हजार नसत्या काढल्या?" पहिल्याला कॅसेटमध्ये एफडी दिसते, दुसऱ्याला शायनिंग. मला दोघांशी भांडायचंय म्हणून हे लिहायला घेतलं.

मी इंदूरला रामबागेत घराच्या पुढच्या खोलीतून रेकॉर्डी विकते. पाटीबिटी नाही, ज्याला माहीत आहे तो येतो, चपला बाहेर काढतो आणि बसतो. जुन्या एलपी, सेव्हंटी एट म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या त्याहून जुन्या रेकॉर्डी, थोड्या कॅसेटी, आणि एका वेगळ्या कपाटात देशातल्या आणि बाहेरच्या छोट्या छोट्या लोकांनी पंचवीस, पन्नास, शंभर अशा प्रतींत काढलेलं संगीत. आता याला संगीत म्हणायचं का यावर आमच्याच घरात एकमत नाही. काकू अजूनही आतून ओरडून विचारते की पंखा बिघडलाय का, आणि मी म्हणते नाही, गिऱ्हाईक आहे. तिने एकदा एका मुलाला खरंच विचारलं, "बाळा, हे तू पैसे देऊन घेतोस?" तो म्हणाला, "हो काकू, साडेचारशे." ती काही न बोलता त्याला पोह्यांची प्लेट देऊन गेली, वर शेव जरा जास्तच घातली होती.

तर पन्नास का. याचं उत्तर आधी हिशेबाचं आहे. रेकॉर्ड छापायची म्हणजे लॅकरचा थर दिलेल्या चकतीवर खाच कोरायची, त्यावरून धातूचा उलटा साचा काढायचा, त्याला स्टँपर म्हणतात, आणि मग दोन स्टँपरच्या मध्ये गरम पीव्हीसीचा गोळा ठेवून वरून टनावारी दाब द्यायचा. खरा खर्च साचा तयार होईपर्यंतचा. एकदा साचा झाला की पहिली रेकॉर्ड काय आणि तीनशेवी काय, प्लास्टिक, वीज आणि मजुरी एवढाच फरक. म्हणून कारखाने कमीत कमी शंभर, पुष्कळदा तीनशे, याच्या खालची ऑर्डर घ्यायला कुरकुरतात. आता ज्या माणसाने शेतातल्या मोटारपंपाचा आवाज चाळीस मिनिटं टेप केलाय आणि त्यावर पेटीचा एकच सूर धरून ठेवलाय, त्याने तीनशे माणसं कुठून आणायची? तीनशे छापल्या की साठ जातात आणि बाकीच्या पलंगाखाली, आणि पुढची काही वर्षं घरचे ऐकवतात. मी असे पलंग बघितलेत.

म्हणून मग लेथ. म्हणजे साचाच नाही, एकेक प्रत वेगळी कोरायची, आणि ती सुद्धा संगीत जेवढा वेळ चालतं तेवढ्याच वेळात, घाई करता येत नाही. बारा मिनिटांची बाजू असेल तर बारा मिनिटं मशिनपाशी बसा, मग उलटा, परत बारा, आणि मग दुसरी प्रत. न्यूझीलंडमध्ये पीटर किंग नावाच्या गृहस्थांनी पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक चकत्यांवर अशा वीस-वीस पन्नास-पन्नास प्रती वर्षानुवर्षं कोरून दिल्या, आणि ज्यांना कुठलाही कारखाना दारात उभं करत नव्हता अशा किती जणांच्या रेकॉर्डी त्यामुळे निघाल्या. आवाज जरा पातळ येतो, थोडी खरखर सोबत येते, पण ज्यांची ही रेकॉर्ड असते त्यांच्या संगीतात खरखर आधीच भरपूर असते त्यामुळे तक्रार कोणी करत नाही.

कॅसेटचं सोपं. दोन डेक, एक प्ले एक रेकॉर्ड, आणि घरात थोडी सहनशक्ती. पन्नास कॅसेटी म्हणजे एका माणसाचे काही रविवार. तर तो आकडा म्हणजे बनवणाऱ्याने स्वतःशी प्रामाणिकपणे लावलेला अंदाज आहे, की बाबा माझं हे शेवटपर्यंत ऐकून घेणारी माणसं किती असतील. पाच हजारचा अंदाज लावणारे दुसरं संगीत करतात, त्यात वाईट काही नाही, मी लताबाईंच्या रेकॉर्डी विकूनच वीजबिल भरते. (त्यांचा जन्म इंदूरचा, आणि इथे पिगडंबरला त्यांच्या नावाने ग्रामोफोन रेकॉर्डींचं अख्खं संग्रहालय आहे, बाहेरगावचं कोणी आलं की मी आधी तिकडे पाठवते आणि मग माझ्याकडे.)

आता नाटकं होतच नाहीत असं नाही हं. भरपूर होतात. पण नाटकातही डावं-उजवं असतं. फ्रान्सचा ज्याँ-मिशेल जार, हा इलेक्ट्रॉनिक संगीतातला मोठा माणूस, लाखांनी खपणारा, त्याने १९८३ मध्ये एक आख्खी एलपी केली, सुपरमार्केट या विषयावरच्या एका कलाप्रदर्शनासाठी, आणि तिची एकच प्रत छापली. एकच! साचे नष्ट केले आणि ती प्रत पॅरिसला लिलावात विकली. ऐकायला माज वाटतो ना? पण त्याने ती रेकॉर्ड एकदा रेडिओ लक्झेंबर्गवरून पूर्ण वाजवायला लावली आणि ऐकणाऱ्यांना सांगितलं की माझी चोरी करा, टेप करून घ्या. आज ते संगीत लोकांना माहीत आहे ते त्या रात्री कोणाकोणाच्या टेपरेकॉर्डरवर पकडलेल्या खरखरीत रेकॉर्डिंगमुळे. मालक एक, ऐकणारे हजार. हे मला आवडतं.

उलट अमेरिकेतल्या वू-टँग क्लॅन या रॅप गटाने एका अल्बमची एकच प्रत काढली ती २०१५ मध्ये एका औषधधंद्यातल्या माणसाने २० लाख डॉलरला घेतली, अट अशी की २१०३ सालापर्यंत त्यातली गाणी धंद्यासाठी बाजारात आणायची नाहीत. पुढे तो माणूस शेअरच्या घोटाळ्यात दोषी ठरला, सरकारने अल्बम जप्त केला आणि २०२१ मध्ये विकून टाकला. म्हणजे गाणी फारशी कोणी ऐकली नाहीत आणि वकिलांनी फाइली मात्र जाड केल्या. ती इस्टेट झाली, संगीत कुठे राहिलं.

आणि हे सगळं आपल्याला काही नवीन नाहीये, इंदुरात तर अजिबात नाही. ख्यालगायक अमीर खाँसाहेब इथले. त्यांनी रेकॉर्डी किती केल्या? मारवा आणि दरबारीची ती एलपी, ललत आणि मेघाची एक, अशी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. बाकीचा सगळा अमीर खाँ रेडिओच्या टेपांत आणि लोकांच्या घरी केलेल्या मैफिलींच्या स्पूलांत, म्हणजे मोठ्या चाकावर गुंडाळलेल्या टेपांत. १९७४ मध्ये कलकत्त्याला अपघातात ते गेले आणि त्यानंतर त्या स्पूलांना जो भाव आला, पैशाचा नाही, मिरवण्याचा, तो मी लहानपणी डोळ्यांनी बघितलाय. "माझ्याकडचा अभोगी अजून कोणी ऐकलेला नाही" असं म्हणणारे काका लोक होते आणि ते हे वाक्य अभिमानाने म्हणायचे! कोणी ऐकलेला नाही याचा अभिमान. गोदरेजच्या कपाटात स्पूल, किल्ली जानव्याला. प्रत मागितली तर विषय बदलायचे, फार मागे लागलं तर मधला तुकडा गाळून टेप करून द्यायचे, म्हणजे पूर्ण फक्त त्यांच्याचकडे राहील.

आमचे नाना, माझे मोठे काका, यांच्याकडे पण स्पूल होते आणि ग्रुंडिगचं एक मशीन होतं ज्याचं वजन मी एकदा उचलायला गेले तेव्हा कळलं. नानांचा नियम वेगळा. प्रत कोणालाही मिळेल, फुकट मिळेल, कोरी कॅसेट घेऊन या. पण टेप होत असताना समोर बसायचं. पूर्ण. स्पूलवरून कॅसेटवर उतरायला जेवढा वेळ, तेवढा वेळ. मध्ये उठला तर मशीन बंद. एकदा एक मोठे वकील विलंबितातच घड्याळ बघायला लागले, नानांनी शांतपणे स्पूल थांबवला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, तुमची तारीख पुढची घेऊ." कोण रागावलं, कोण परत आलं नाही, पण ज्यांच्याकडे नानांची प्रत होती त्यांनी ते गाणं एकदा तरी ऐकलेलं होतं याची गॅरंटी होती. आजकाल किती माल असा विकला जातो सांगा. माझ्याकडूनच सीलबंद एलपी घेऊन जाणारे आहेत ज्यांच्या घरी टर्नटेबलच नाही, भिंतीवर लावतात.

ज्या काकांनी कपाटात ठेवले त्यांच्यातल्या एकांच्या मुलाने नंतर सगळे डबे मला आणून दिले. उघडले तर आंबूस वास, आणि टेपवरचा तपकिरी थर बोटाला पावडरसारखा लागला. काही मीटर वाजलं, मग हेड चोंदलं. त्यात काय होतं ते आता कोणालाच कळणार नाही, डब्यावर सुंदर अक्षरात राग, साल आणि तबलजींचं नाव लिहिलेलं आहे.

बरं, हे जे मी दुसऱ्या कपाटातलं विकते त्याचा आणि खाँसाहेबांचा संबंध लोकांना ओढूनताणून आणलेला वाटतो. नाहीये तो तसा. खाँसाहेबांच्या अतिविलंबितावर किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँचा दाट परिणाम होता, हे सगळे सांगतात. त्याच वहीद खाँचे एक शिष्य म्हणजे पंडित प्राणनाथ, ते १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि तिथे ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली हे दोघं अमेरिकन संगीतकार त्यांचे शागीर्द झाले, गंडाबिंडा बांधून, गुरूची सेवा करून. तिकडचं ते ताणलेल्या सुरांचं, काही न घडणारं, तासन्‌तास चालणारं संगीत आहे त्यातले हे मूळपुरुष. ला मॉन्टे यंगची एक रेकॉर्ड प्राणनाथजी तिथे पोचायच्या आधीच, १९६९ मध्ये, म्युनिकहून निघाली होती, काळं कव्हर, काळ्यावर काळी अक्षरं, आणि तिच्या एका बाजूला गॉंगवर गज फिरवून काढलेला आवाज, आणि ती बाजू तुम्ही मिनिटाला आठ पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांपर्यंत हळू करून वाजवली तरी चालेल अशी परवानगी. म्हणजे ज्याला विलंबित झुमरा तालाची ती लांबण सोसते त्याला हे जड जायचं काही कारण नाही. माझी सगळ्यात चांगली गिऱ्हाइकं त्यामुळे दोन टोकांची आहेत, एक विजयनगरकडची कॉलेजची पोरं आणि दुसरी सत्तरीच्या पुढची, इथल्या सानंद संस्थेच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसणारी. मधल्या वयाच्या लोकांना किशोरकुमार पाहिजे असतो.

विकण्यातली खरी मेहनत लिहिण्याची आहे. कारण हे संगीत रेडिओवर लागत नाही, कोणी त्याबद्दल बोलत नाही, नावावरून काही कळत नाही, कव्हरवर बहुतेक वेळा धूसर फोटो. विकणाऱ्याने चार ओळी लिहिल्या त्याच काय त्या. सॅन फ्रान्सिस्कोला ॲक्वेरियस रेकॉर्ड्स म्हणून दुकान होतं, १९७० पासूनचं, ते लोक एकेका रेकॉर्डवर पानभर लिहायचे, अक्षरशः प्रेमात पडल्यासारखं. ग्लासगोला व्होल्कॅनिक टंग होतं, दोघांनी चालवलेलं, त्यांची नव्या मालाची यादी म्हणजे वाचायची चीज होती, घ्यायची ऐपत नसली तरी मी वाचायचे. ते २०१५ ला बंद झालं. २०१६ तर वर्षच वाईट, ॲक्वेरियस गेलं, न्यूयॉर्कचं अदर म्युझिक गेलं, आणि आपल्याकडे मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस. लोक म्हणाले स्ट्रीमिंगने मारलं. असेल. भाड्याने पण मारलं असेल. पण गेलं काय तर ते लिहिणारे, सांगणारे लोक. यंत्र आपल्याला सांगतं की हे आवडलं तर तेही आवडेल, आणि मला दिवसभरात सगळ्यात उपयोगी पडणारं वाक्य नेमकं उलटं आहे, "हे तुझ्यासाठी नाही, ठेव खाली."

मी मराठीतच लिहिते, व्हॉट्सॲपवर पाठवते. उदाहरणार्थ: "पुण्याच्या एका मुलाने केलंय. पहिली बारा मिनिटं काही होत नाही. मग जे होतं ते असं की आपण उठून फ्रिज बंद करून बघतो. हेडफोनवर नको, स्पीकरवर, घरचे लग्नाला गेलेले असताना." किंवा: "ज्यांना झुमरा ऐकताना सम कधी येते म्हणून घाम फुटतो त्यांनी घेऊ नये." किंवा: "बाजू अ खूप मोठ्याने. बाजू ब नाहीच, कोरी आहे, मुद्दाम. त्यावर पैसे कमी होणार नाहीत, विचारू नका." हे शेवटचं वाचून एका निवृत्त प्राध्यापकांनी लगेच मागवली. कोरी बाजू त्यांनी दोनदा ऐकली म्हणे.

दुर्मिळतेचा अजून एक प्रकार आहे आणि तो मला त्रास देतो. मुद्दाम कमी काढलेलं नाही, नुसतंच कोणी विचारलं नाही म्हणून कमी राहिलेलं. अहमदाबादला एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडरने येऊन मूग नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं यंत्र, लावून दिला. १९६९! इंदूरहून रात्रीच्या बसने जाता येईल इतक्या जवळ. तिथे गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा लोकांनी दोन-तीन वर्षं टेपवर प्रयोग केले. गीता साराभाई म्हणजे ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज या प्रयोगशील अमेरिकन संगीतकाराला भारतीय संगीत शिकवलं त्या, आणि अतुल देसाई ओंकारनाथ ठाकुरांचे शिष्य. म्हणजे आलापी अंगात मुरलेले लोक यंत्रावर बसले होते. मग ते सगळं थांबलं आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटनच्या पॉल पर्गस नावाच्या कलाकाराने त्या शोधल्या, धडपड करून सावरल्या, आणि २०२३ मध्ये त्यातलं निवडक रेकॉर्डवर निघालं. मधली पन्नास वर्षं आपण काय करत होतो माहीत नाही. चरणजीत सिंगांचं पण तेच, हिंदी सिनेमात गिटार वाजवणारा माणूस, १९८२च्या सुमारास रोलंड कंपनीची आवाज आणि ठेके काढणारी तीन नवी मशिनं घेऊन बसला आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर केले, एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, कोणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या एका लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने, परत काढली तेव्हा जगाला कळलं की शिकागोत ॲसिड हाऊस हे इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत यायच्या कितीतरी आधी हा आवाज मुंबईत झाला होता. मग एकदम सगळ्यांना मूळ प्रत पाहिजे. मला अजून फोन येतात. नाही हो माझ्याकडे, असती तरी मी विकली असती का सांगता येत नाही, बहुतेक असती, छत गळतंय.

माल कुठून येतो तर अर्धा परदेशातून, त्यात पोस्टेज रेकॉर्डपेक्षा जास्त आणि वर कस्टम्स, आणि एकदा एक पाकीट असं आलं की कोणीतरी त्यावर निवांत बसून जेवलं असावं. चांगले विकणारे रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या पाकिटासकट मागे ठेवून पाठवतात, नाहीतर प्रवासात आदळून रेकॉर्डची कड कव्हरची शिवण फाडते. मी प्रत्येकाला लिहून सांगते तरी दहातले चार विसरतात. आणि अर्धा माल इथूनच, रद्दीवाल्यांकडून, वाडे पाडतात तेव्हा, आणि दुकानं बंद होतात तेव्हा.

रद्दीतली रेकॉर्ड कशी बघायची ते सांगते, कारण याबाबतीत लोक फार फसतात. कव्हरकडे बघूच नका. ट्यूबलाइटखाली तिरपी धरायची, कडेने, म्हणजे चरे उभे राहतात. मग मधल्या भोकाभोवतीचा लेबलचा कागद बघायचा, त्यावर केसासारख्या बारीक चमकदार रेघा असतात, सळई शोधताना घासलेल्या, जितक्या रेघा तितक्या वेळा ती अंधारात, घाईत किंवा दारू पिऊन लावली गेलीय. मग नखाने चरा चाचपायचा, नखाला लागला तर सुईला लागणारच. बुरशी पांढरी दिसते, ती जाते. वाकलेली मात्र नको. आणि सेव्हंटी एट असेल तर हात जोडून सांगते, स्पिरिटने पुसू नका. ती लाखेची असते, आपल्या बांगड्यांच्या लाखेतली, आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. एका हौशी माणसाने हिराबाईंची रेकॉर्ड चकचकीत करून आणली होती, खरंच आरशासारखी झाली होती, खाच शिल्लक नव्हती. डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, बास.

या रद्दीतल्या बहुतेक रेकॉर्डींना कव्हर नसतं. उंदीर, पाऊस, लहान मुलं. त्यामुळे ख्रिश्चन मार्क्ले या कलाकाराच्या १९८५ मधल्या रेकॉर्डबद्दल वाचलं तेव्हा मला हसायलाच आलं. ती मुद्दाम कव्हरशिवाय विकली, आणि तिच्यावरच छापलंय की हिला संरक्षक पाकिटात ठेवू नका. म्हणजे धूळ, चरे, हाताळणं हे सगळं संगीतात धरलंय, प्रत्येक प्रत वेगळी होत जाते आणि ती संपूर्ण कधी होतच नाही. आता एका बाजूला ते म्युझियममध्ये आणि दुसऱ्या बाजूला खजूरी बाजाराच्या बोळात पोत्यातल्या वसंतरावांच्या रेकॉर्डी, तेच सगळं भोगलेल्या. फरक आहे, मान्य, त्याने ठरवून केलं आणि इथे झालं. पण ऐकताना ते चरे तिथेच असतात आणि कधीकधी ते इतक्या नेमक्या जागी येतात की पुढच्या वेळी स्वच्छ प्रत ऐकली तर चुकल्यासारखं होतं.

अमेरिकेत लोवेल नावाच्या गावातल्या आरआरआर नावाच्या दुकानाने आणि लेबलने एका एलपीवर पाचशे बंद खाचा कोरल्या, म्हणजे सुई पुढे जातच नाही, एक फेरी, एक पूर्णांक आठ दशांश सेकंद, तेच ते तेच ते, तुम्ही उठून सुई उचलेपर्यंत. मी एका काकांना वाजवून दाखवली. ते म्हणाले हे तर आमच्या गल्लीत सकाळी सात वाजता कचरा गाडी रोज करते. बरोबर आहे, इंदूरकरांना रिपीटचं ट्रेनिंग महानगरपालिकेकडून मिळालेलं आहे. याच लोवेलवाल्यांनी एक कॅसेटची मालिका काढली, बाजारातल्या पॉपच्या जुन्या कॅसेटी घ्यायच्या आणि त्यावरच नवा गोंगाट टेप करायचा, वरून चिकटपट्टी लावून त्यावर मार्करने नाव. हे तर आपण सगळ्यांनीच केलंय. कॅसेटच्या वरच्या कडेची दोन चौकोनी भोकं आठवतात? कंपनीच्या कॅसेटची ती पाकळी मोडलेली असते म्हणून टेप होत नाही, तिथे सेलोटेपचा तुकडा लावला की झालं. माझ्याकडे भजनांच्या कॅसेटींचे डबेच्या डबे आहेत, कोणी फुकट पण नेत नाही, त्यातल्या पुष्कळ आता दुसऱ्या जन्मात आहेत.

आणि भाव वाढण्याबद्दल. हो, वाढतो कधीकधी. पन्नासातल्या वीस लोकांना दोन वर्षांनी पैसे लागतात, आणि तोपर्यंत दोनशे लोकांना ती पाहिजे असते, मग डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर आकडे दिसायला लागतात. पण जो मनुष्य त्यासाठीच घेतो तो मला लगेच कळतो कारण तो वाजवून बघू का विचारत नाही, सील आहे ना ते विचारतो. म्हणून माझ्याकडे एका माणसाला एकच, आणि कॅसेट असेल तर सील मी फोडते, समोर थोडी वाजवते, मग देते. नानांइतकी कडक नाही मी, उठून गेलं तरी चालतं. दोन-तीन व्यापारी वृत्तीचे त्यामुळे येईनासे झाले. पन्नास श्रोत्यांच्या अंदाजाने काढलेल्या वस्तूतल्या दहा अशा लोकांच्या कपाटात गेल्या तर तो अंदाज चाळीसवर आला, एवढं साधं आहे ते.

मागच्या आठवड्यात देवासचा एक मुलगा आला होता, नेहमीचा आहे, कॅसेट घेतली, पैसे दिले, आणि दारातून परत फिरला.

"ताई, अजून एक द्या ना. जिजाजींना पाहिजे."

"एकाला एक."

"जिजाजी वेगळे आहेत ना पण."

"मग त्यांना पाठव."

"ते उज्जैनला असतात, बँकेत, सुट्टी नाही मिळत."

"मग टेप करून दे त्यांना."

तो बघतच राहिला. त्याला वाटलं होतं की लिमिटेड म्हणजे कॉपी करणं पापच असणार. मी आतला कागद उलगडून दाखवला, बनवणाऱ्यानेच लिहिलंय की आवडलं तर कॉपी करून वाटा. मग डब्यातून एक भजनांची साठची कॅसेट काढली, वर सेलोटेप लावली, नखाने दाबून बसवली आणि त्याला समजावलं की डेकवरचं डॉल्बीचं, म्हणजे खरखर दाबणारं, बटण बंद ठेव, लेव्हल लालमध्ये गेली तरी घाबरू नको, मूळचीच तशी आहे, आणि आपलं संगीत चाळीस मिनिटांचं, म्हणजे दोन्ही बाजूंना शेवटी दहा-दहा मिनिटं भजन उरेल, ते पुसू नको, राहू दे.

"नाही पुसत," तो म्हणाला, "जिजाजींना तेवढंच आवडेल बहुतेक."